परीक्षा माझी, तयारी सासूबाईंची

नेपरव्हिलच्या घरात सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू गेली. तेव्हापासून त्यांना उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं माझ्याकडे आलं आणि खंबीरपणे पाठीशी उभं राहणं नवऱ्याकडे. तो रोज सकाळच्या ट्रेनने शिकागोला जायचा आणि तिथून पाठीशी उभा राहायचा.

दोन वर्षांत माझा उजवा खांदा आखडला. डॉक्टरांनी फिजिओथेरपी सांगितली आणि वजन उचलू नका म्हणून बजावलं. सासूबाई वजनात मोडत नाहीत, असं मी धरून चालले. थेरपीच्या तीन अपॉइंटमेंट मात्र कॅन्सल कराव्या लागल्या, कारण त्यांना एकटं टाकून जाणार कशी?

मग कळलं, की एका संस्थेकडून आठवड्यातून दोन दुपारी मदतीला माणूस मिळतो. त्याआधी त्यांची बाई घरी येऊन बघते, की सांभाळणारीला मदतीची खरंच गरज आहे का.

"ऑनेस्टली सांग हं, उगाच फाईन फाईन करू नकोस," निघता निघता नवरा म्हणाला. स्वतः थांबला नाही, त्याची मीटिंग होती.

मी सासूबाईंना एवढंच म्हटलं, "आई, आज एक बाई येणार आहे. मी तुमचं कसं करते ते बघायला."

झालं! एरवी गाऊनवर दिवस काढणाऱ्या सासूबाईंनी कपाटातली जांभळी इरकल काढायला लावली. केसांना तेल, छोटासा अंबाडा. मीही काही कमी नाही. ओटा लख्ख घासला, कांदेपोहे केले. गरज तपासायला येणारीला गरज दिसू नये, याची आम्ही दोघींनी चोख व्यवस्था केली.

संस्थेच्या बाईने बर्फात घालायचे बूट दारात काढले, मांडीवर फॉर्म घेतला. दुभाषी मीच.

"त्यांना खुर्चीतून स्वतःचं स्वतः उठता येतं का?"

मी प्रश्न मराठीत सांगितला मात्र, सासूबाई डाव्या हाताने टेबल धरून उठल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा! घामाघूम, पण हसतमुख. "सांग तिला, आंघोळसुद्धा माझी मीच करते."

बाईने कौतुकाने फॉर्मवर खूण केली. मग माझ्याकडे वळली, "अँड हाऊ आर यू डूइंग?"

"फाईन," मी म्हटलं आणि पोह्यांची बशी पुढे केली. डाव्या हाताने, कारण उजवा वर जात नव्हता. पोहे तिला फार आवडले.

ती गेली आणि सासूबाई खुर्चीवरून घसरायला लागल्या. मी त्याच खांद्याने त्यांना वर ओढलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"काय गरज होती हो आई?" मी ओरडलेच.

"गरज नाही कशी?" त्या धापा टाकत म्हणाल्या. "तुला तपासायला आली होती ना ती? माझे हाल दिसले असते तर ठपका तुझ्यावर आला असता."

तयार ठेवलेला सगळा राग तसाच राहिला. मला रडू आलं.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. घरची व्यवस्था उत्तम, तूर्त मदतीची गरज दिसत नाही. नवऱ्याने ते मोठ्याने वाचलं.

"पास झालीस ना?" सासूबाईंनी विचारलं.

"झाले," मी म्हटलं आणि चौथी अपॉइंटमेंट कॅन्सल करायला फोन उचलला.