खांद्यावर हात

घरात तिला सगळे पट्टी म्हणत. अंगाने काडी, वागायला सरळसोट, आणि लहानपणापासून वडिलांच्या गळ्यातला टेप ओढून दिसेल ते मोजायची खोड. मांजराची शेपूट मोज, आईची वेणी मोज, शेजारच्या काकांचं पोट मोज. अशी पोर फिजिओथेरपीच्या कॉलेजात गेली यात नवल ते काय! तिथे माणसाचा सांधा किती वळतो हेसुद्धा अंशात मोजतात. वर्गातल्या मुली एकमेकींच्या पाठीवर पेनाने स्नायू आखत, गुदगुल्या झाल्या की खिदळत आणि मॅडमची बोलणी खात. पट्टीही खिदळायची, पहिल्या वर्षाच्या मध्यापर्यंत.

मग वडिलांची स्कूटर घसरली. वडील शिंपी, घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. पडताना डोकं एकीकडे आणि उजवा खांदा दुसरीकडे ओढला गेला, मानेतून हातात उतरणाऱ्या नसा ताणून तुटल्या. मागे आई बसली होती. तिला खरचटलंसुद्धा नाही. "आटपा हो, उशीर होतोय," असं त्या सकाळी तीच म्हणाली होती, आणि तेव्हापासून ते एक वाक्य तिने स्वतःच्या मानेवर घेतलं होतं. कुणी काही म्हणत नव्हतं, पण ताटावर बसली की तिचा घास हातातच राहायचा.

डॉक्टरांनी नसा जोडल्या आणि सांगितलं, "वाट बघा. दीड वर्षात जे येईल ते आपलं. त्यानंतर स्नायूच सुकतो." त्यातले चौदा महिने सरले होते.

स्नायूच्या ताकदीला शून्यापासून पाचापर्यंत आकडे देतात. पाच म्हणजे धडधाकट. एक म्हणजे हात हलत नाही, पण बोटाखाली स्नायू जरासा आवळल्याचं कळतं. दोन म्हणजे टेबलावर ठेवलेला हात घसरत का होईना, सरकतो. पट्टी रोज कॉलेजातून आली की वडिलांना कापड कापायच्या मोठ्या टेबलावर उताणं झोपवायची, खांद्यावर बोटं ठेवायची आणि म्हणायची, "बाबा, हात बाजूला न्या." वडील दात आवळून जोर लावत. ती वहीत शून्य लिहायची. आई दारात उभी राहून विचारायची, "किती आज?" पट्टी आकडा सांगायची आणि आई आत जायची.

एका संध्याकाळी हात सरकला! टेबलावर चार बोटं बाजूला गेला. पट्टी किंचाळली, आई हातातलं भांडं टाकून धावत आली. वहीत दोन पडला, पुढे बारीकसं वजाचं चिन्ह.

"वजा कशाला गं?" आईने विचारलं.

"शिलाईत गेलेलं कापड समज," वडील टेबलावरूनच म्हणाले, आणि आई कित्येक महिन्यांनी हसली. त्या रात्री ती पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिने कपाटातली मोठी कात्री काढली आणि धार लावायला देऊन आली. त्यानंतर तीन आठवडे रोज दोनच लिहिला जात होता. घर पुन्हा घरासारखं झालं.

मग कॉलेजात तो तास झाला. मॅडमनी एका मुलीला पलंगावर झोपवलं आणि म्हणाल्या, "हिचा खांद्याचा स्नायू मेलाय असं समजा. आता बघा." त्या मुलीने खांदा कानाकडे ओढला, कंबरेतून जराशी वाकली, आणि हात आपोआप बाजूला सरकला. बरोबर चार बोटं.

"याला फसवी हालचाल म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "एका हाताने खांदा दाबून धरल्याशिवाय आकडा लिहिलात, तर तो आकडा रुग्णाचा नाही, तुमच्या हौसेचा."

वर्ग हसला. पट्टीने तीन आठवडे खांदा धरलाच नव्हता. आनंदाने वेडी झालेली पोर, कुठला खांदा धरतेय! घरी जाताना तिला एकच वाटत होतं, की रस्ता संपू नये. खांदा न धरता राहवणार नाही, आणि धरला तर आईच्या तोंडचा घास जाणार.

वडील टेबलावर येऊन झोपलेच होते. वडिलांच्या धंद्यातली एक गोष्ट तिला पाठ होती. माप घेताना प्रत्येक गिऱ्हाईक पोट आत ओढतं. वडील काही बोलायचे नाहीत. गप्पा काढायचे, गिऱ्हाईक बोलण्यात गुंगलं, श्वास सुटला, की टेप आवळायचे. पट्टीनेही तेच केलं.

"बाबा, शेजारचे काका गेलेत का हो गावाला?" असं विचारत तिने डावा तळवा त्यांच्या खांद्यावर ठेवला आणि दाबून धरला. "न्या बघू हात बाजूला."

हात जागचा हलला नाही. तिच्या उजव्या हाताच्या बोटांखाली मांस नुसतं मऊ पडून होतं. दोन नाही, एकसुद्धा नाही. वडिलांनी छताकडे बघत श्वास सोडला.

"शिकवलं वाटतं आज," ते हळूच म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्या दिवशी नव्हतं. पुढच्या आठवड्यात कळलं. उभा जन्म लोकांचे खांदे मोजण्यात गेला गं माझा, स्वतःचा वर जातोय ते कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत?"

"ती जेवायला लागली होती."

पट्टीला रडू फुटत होतं. किती पुस्तकं वाचली, किती हाडं पाठ केली, आणि या एका हातापुढे तिला काही म्हणता काही करता येत नव्हतं. तेवढ्यात आतून पावलं वाजली. वडिलांनी तिच्याकडे पाहिलं.

"तळवा काढ," ते कुजबुजले. "आई येतेय."

तिने तळवा काढला. वडिलांनी खांदा कानाकडे ओढला, कंबर जराशी वाकवली आणि हात चार बोटं सरकला.

"किती आज?" आईने दारातून विचारलं.

पट्टीने वहीत पाहिलं. आजचं पान कोरं होतं.

"दोन," ती म्हणाली.

"मी म्हटलंच होतं," आई म्हणाली, आणि कात्रीला तेल लावायला बसली.