कॉलरमध्ये देश नव्हता

"ताई, तुमच्या जाकिटांच्या कॉलरमध्ये देशच नाहीये."

सोमवारी सकाळी केदारचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या लॉटमध्ये गाडी पार्क करत होते. केदार मूळचा नागपूरचा, आमच्याकडे इम्पोर्टचे कागद बघतो. मराठी म्हणून मला ताई म्हणतो आणि वाईट बातमी सगळ्यांत आधी मला देतो.

"नाहीये म्हणजे?"

"लेबलवर गावाचं नाव आहे, शिवणाऱ्या बाईचं नाव आहे. देशाचं नाव कुठेच नाही. कस्टम्सनं अख्खं शिपमेंट होल्ड केलंय, एकशे साठ पीस. यार, हे अप्रूव्ह कुणी केलं?"

मी केलं होतं. पण त्याला म्हणाले, "बघते."

मी ओहायोतल्या कोलंबसमध्ये एका डिपार्टमेंट स्टोअर कंपनीत पुरुषांच्या कपड्यांची बायर आहे. पुढच्या सीझनला दुकानात काय टांगायचं ते बायर ठरवते. शेजारच्या डब्लिन गावातल्या आमच्या मराठी मंडळातल्या काकू म्हणतात, मजा आहे बाई तुझी, कंपनीच्या खर्चानं शॉपिंग. प्रत्यक्षात मी बहुतेक वेळ एक्सेलमध्ये डोकं खुपसून बसलेली असते.

त्या जानेवारीत न्यूयॉर्कला एका फॅशन शोकेसला गेले होते. शोकेस म्हणजे रॅम्प वगैरे काही नाही. मोठा हॉल, ओळीनं स्टॉल, प्रत्येक स्टॉलवर एक रॅक कपडे आणि पाय दुखत असलेला एक माणूस. मागच्या भिंतीलगत सात-आठ छोटी ब्रिटिश लेबल्स होती. एकजण फक्त मच्छीमार घालतात तसले जाड स्वेटर करायचा. दोघी बहिणी सैन्याच्या जुन्या तंबूंच्या कापडातून पँट शिवायच्या. मी इचलकरंजीत टेक्स्टाइल शिकलेली. वर्षानुवर्षं एकाच साच्यातली पॉलिएस्टरची जाकिटं विकून जीव विटला होता. तिथे कापडाला हात लावला आणि बरं वाटलं.

अ‍ॅलनचा स्टॉल शेवटचा होता. साठीचा, उंच, बेताचं बोलणारा माणूस. उत्तर इंग्लंडमधल्या एका लहान गावात त्याचं वर्कशॉप. कापड तो बेतायचा. त्याची बायको पॅट आणि आणखी दोघी शिवायच्या. वस्तू एकच, मेण लावलेल्या सुती कापडाचं जाकीट. आतली शिवण इतकी स्वच्छ की उलटं घातलं तरी चाललं असतं. कॉलरच्या आत छोटं लेबल, त्यावर गावाचं नाव आणि खाली शाईनं हातानं लिहिलेलं 'मॉरीन'.

"मॉरीन कोण?"

"हे जिनं शिवलं ती. जिचं जाकीट तिचं नाव."

मी पाघळले, दुसरा शब्द नाही. अ‍ॅलननं वही उघडली. "अमेरिकेसाठी काही बदलायचंय का?"

"काहीही बदलू नका," मी म्हणाले.

आमच्या धंद्यात सील्ड सॅम्पल म्हणून एक प्रकार असतो. बायर एका नगाला टॅग बांधून सही करते आणि पुढचा सगळा माल त्या नगाशी ताडून बघतात. सहीआधी चेकलिस्ट भरायची असते. अमेरिकेत विकायच्या जाकिटाच्या कॉलरमध्ये, मधोमध, ते कुठल्या देशात बनलं ते लिहिलेलं असावं लागतं. मला झोपेतून उठवून विचारलं तरी हे मी सांगेन. पण त्या दिवशी मी मॉरीनचं नाव बघत बसले आणि लेबलच्या ओळीपुढे 'ओके' लिहून मोकळी झाले. बायरनं ओके दिल्यावर पुढे कुणी तपासत नाही.

वर आणखी एक शहाणपणा केला. अमेरिकेत हे जाकीट फक्त आमच्याकडेच हवं, असा हट्ट धरला. अ‍ॅलननं माझ्या शब्दावर तीन छोट्या दुकानांना नाही म्हणून कळवलं. म्हणजे त्याचा त्या वर्षीचा सगळा भरवसा आमच्या एका ऑर्डरवर.

तर तो सोमवार. ऑर्डरला एक कॅन्सल डेट असते. तोवर माल गोदामात आला नाही तर सिस्टीम ऑर्डर आपोआप रद्द करते. आमच्या हातात अकरा दिवस होते. माझा बॉस डग खुर्चीतून न उठताच म्हणाला, "चूक आपली की व्हेंडरची? आपली असेल तर तारीख मी पुढे ढकलू शकतो. व्हेंडरची असेल तर नाही. पॉलिसी आहे."

"चेक करते."

"तोवर कारणात व्हेंडर टाकतो," म्हणत त्यानं कीबोर्डवर बोट दाबलं.

चेक करण्यासारखं काही नव्हतं. टॅगवर माझी सही होती. पण आदल्याच महिन्यात आमच्या मजल्यावरच्या तीन बायर्सना घरी बसवलं होतं आणि आणखी एक यादी येणार अशी कुजबुज चालू होती. माझी पाचावर धारण बसली होती. कुणाला न कळता हे निस्तरता येईल, असं मी स्वतःला पटवलं. अ‍ॅलनला मेल टाकली की कागदपत्रांचा किरकोळ प्रश्न आहे, काळजी नसावी.

मंगळवारी केदारला म्हटलं, काही सूट मिळते का बघ. बुधवारी त्याचं उत्तर आलं, "ताई, सूट नाही मिळणार. रीलेबल करा नाहीतर परत पाठवा." मग न्यू जर्सीत लेबलं बदलून देणारं एक गोदाम शोधलं. ते मशीननं सरळ कापडावरून टीप मारणार होते. मेण लावलेल्या कापडाला सुईचं भोक पडलं की ते बुजत नाही, त्यातून पाणी झिरपतं. पावसासाठीच केलेलं जाकीट मानेतच गळलं असतं.

गुरुवारी नाइलाजानं अ‍ॅलनला फोन करून खरं ते सांगितलं. तो म्हणाला, "कॉलर उसवून आतून लावावं लागेल. ते आम्हालाच जमेल. माल विमानानं परत पाठवा. आम्ही चौघं बसतो. येऊन-जाऊन दहा दिवस."

सोमवारी अकरा होते. आता आठ उरले होते.

शुक्रवारी सकाळी डगच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, "चूक माझी आहे. तारीख वाढवा."

डगनं चष्मा काढला. "हे सोमवारी सांगितलं असतंस तर मी लगेच वाढवली असती. काल दुपारी दुकानातली त्यांची जागा दुसऱ्या ब्रँडला दिली. आता तारीख वाढवून ती जाकिटं टांगायची कुठे?"

तो रागावलासुद्धा नाही. माझी नोकरी गेली नाही. पुढची यादी आली, तीत माझं नाव नव्हतं. केदार एवढंच म्हणाला, "सोमवारीच सांगायचं होतं ना ताई."

पुढच्या शुक्रवारी सिस्टीमनं ऑर्डर रद्द केली. माल परत गेला. अ‍ॅलननं त्या तिन्ही दुकानांना पुन्हा विचारलं, पण त्यांची थंडीची खरेदी आटोपली होती.

नोव्हेंबरात त्याची मेल आली. वर्कशॉप बंद केलं होतं. शिलाईची मशीनं कुणी गादीवाल्यानं नेली, मॉरीन सुपरमार्केटच्या काउंटरवर लागली. मला एकही दूषण नव्हतं. शेवटी एक विनंती होती. आमच्याकडून गेलेल्या रद्दच्या नोटिशीवर 'कारण: व्हेंडरची चूक' असं छापलेलं होतं आणि ते पॅटच्या फार मनाला लागलं होतं. तेवढं दुरुस्त करून मिळेल का?

मी ऑर्डर उघडली. डगनं त्या सोमवारी टाकलेलं 'व्हेंडर' नंतर कुणी बदललंच नव्हतं, मीही नाही. बंद झालेल्या ऑर्डरमध्ये कारणाचा रकाना बदलता येत नाही. आयटीला विचारलं, डगला विचारलं. नाही म्हणजे नाही. शेवटी साध्या कागदावर, माझ्या नावानं लिहून पाठवलं की लेबल मीच पास केलं होतं, चूक माझी होती, तुमची नव्हती. कंपनीचा शिक्का त्यावर मारता आला नाही. उत्तर आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा ठेवण्याचा मला हक्कही नाही.

नव्या बायर्सना मी आता ट्रेनिंग देते. त्यांना सांगते, आवडलेल्या कपड्याचं लेबल दोनदा वाचा. हे ते लिहून घेतात. दुसरंही सांगते, की चूक कळली त्याच दिवशी बोला. शुक्रवारी बोललात तर तुमचं मन हलकं होईल, समोरच्याचं वर्कशॉप वाचणार नाही. हे मात्र कुणी लिहून घेत नाही.