म्हशीच्या पोटातलं रेडकू

मी एका माणसावर खोटा आळ घातला होता. तो माणूस आज पहाटे गेला.

शाणूमामा. गोव्यातल्या मुळगावचे, गणपतीच्या चित्रशाळेवाले. आमच्या अख्ख्या वाड्याचे गणपती त्यांच्या हातचे.

सकाळपासून सगळ्यांचे स्टेटस बघतेय. 'थोर कलाकार', 'देवमाणूस'. मलाही दोन ओळी आणि एक फोटो टाकून मोकळं होता आलं असतं. टाईप केलंही होतं. मग माझीच मला लाज वाटली.

आठ वर्षांपूर्वी मी तिथल्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. पट अठरा. आणखी दोन-तीन मुलं इंग्लिश मीडियमला गेली की शाळेला कुलूप, असं जो तो बोलून दाखवायचा.

त्या वर्षी कलेतून शिकवा असं सर्क्युलर आलं. मी मामांना गाठलं. ते दर शनिवारी यायला लागले. स्कूटरवर पायांत मातीची बाल्दी, खांद्यावर तुवालो.

मला वाटलं होतं, चार खेळणी करून घेतील आणि जातील.

त्यांनी मातीची भाकरी थापायला लावली आणि दोऱ्याने कापायला लावली. अर्धी, पाव, अर्धपाव. जे अपूर्णांक मी महिनाभर फळ्यावर घासत होते, ते पोरांना एका शनिवारात समजले. मी खूश झाले आणि खरं सांगायचं तर जराशी चिडलेही.

त्यांचा एकच नियम होता. मुलाच्या कामाला हात लावायचा नाही. कान कुठे लावायचा असं कुणी विचारलं, की स्वतःचा वेगळा गोळा घ्यायचे, कान लावून दाखवायचे आणि तो गोळा परत चेपून टाकायचे.

"भुरग्यान केल्लें तें भुरग्याचें, बाई. आमी बोट लावचें न्हय."

जानेवारीत प्रदर्शन ठरलं. नवे पालक येणार होते, ज्यांची मुलं आम्हाला हवी होती.

मुलांनी आपापल्या घरची जनावरं केली. तिसरीतल्या सेजलने म्हैस केली. पोट हे एवढं मोठं, पाय आखूड. वाकडीतिकडी, पण पोर दोन शनिवार तिच्यापुढून उठली नाही.

मी मामांना म्हटलं, "जरा सारखं करून द्या ना सगळं. लोक येणार आहेत."

ते नुसते हसले आणि नाही म्हणाले.

मग मीच केलं. शाळा सुटल्यावर, दार लावून घेऊन. माती अजून ओली होती. बैलांचे पाय सरळ केले, कोंबड्यांना नीट चोची दिल्या. सेजलच्या म्हशीचं पोट सुरीने तासलं. तासता तासता आत एक वेगळा छोटा गोळा लागला. त्याला चार पाय होते.

मला कळलं होतं ते काय आहे. नाही कळलं असं आज लिहिणार नाही. मी तो बाल्दीत टाकला.

सगळं कपाटात बंद करून ठेवलं आणि वाळल्यावर ऑईलपेंटने रंगवलं.

प्रदर्शनाला मेजावर सगळं चकाचक. एक पालक हसत म्हणाले, "बाई, हें भुरग्यांनी केलां? आमकां पिशे समजल्यात काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी पाचावर धारण बसली. आणि तोंडातून गेलं, "शेवटी मामांनी जरासा हात लावला. कलाकार माणूस, राहवत नाही त्यांना!"

लोक हसले. मीही हसले.

मामा दारात उभे होते. त्यांनी ऐकलं.

तेवढ्यात सेजल म्हैस घेऊन त्यांच्यापुढे गेली. "मामा, तुमी पोट कापलें? भितर रेडकू आशिल्लें."

त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. एक शब्द बोलायचा होता मला. फक्त एक.

"व्हय गो बाये," मामा म्हणाले, "चूक जाली माजी."

पुढच्या शनिवारी ते आले नाहीत. मी फोन केला. म्हणाले, "चतुर्थीचीं कामां आसात, बाई." चतुर्थीला तेव्हा सात-आठ महिने होते.

त्या वर्षी शाळेला चार नवी मुलं मिळाली. तालुक्यात माझं कौतुक झालं. प्रदर्शनाचे फोटो याच वॉलवर आहेत, खाली गेलात तर दिसतील. तुमच्यातल्या कित्येकांनी 'ग्रेट जॉब मॅडम' लिहिलंय.

नंतर डिचोलीच्या बाजारात मामा दोन-तीनदा भेटले. "भुरगीं बरीं आसात मगो?" एवढंच विचारायचे. मी "बरी आहेत" म्हणून घाईघाईने पुढे जायचे.

आज दुपारी सेजलला फोन केला. अकरावीत आहे आता. मामा गेल्याचं तिला कळलं होतं.

म्हणाली, "गणपती हाडपाक दर वर्सा बाबावांगडा वतालें, पूण हांव भितर वचूंक ना. भायर स्कूटराकडे रावतालें. एक वर्स मामा मातयेचो गोळो घेवन भायर आयलो, म्हाका दिवपाक. हांवें घेवंक ना."

आठ वर्षं ती पोर वडिलांबरोबर गणपती आणायला जाऊनही चित्रशाळेत पाऊल टाकत नव्हती. मामांनी बाहेर आणून दिलेला मातीचा गोळाही तिने घेतला नव्हता. तिच्या लेखी तो म्हशीचं पोट कापणारा माणूस होता. आणि त्यांनी आठ वर्षांत एकदाही तिला सांगितलं नाही की तुझ्या बाईंना विचार.

मी तिला खरं सांगितलं. सगळं, बाल्दीपर्यंत.

 

ती म्हणाली, "बाई, हें तुमी तो जिवो आसतना सांगूंक जाय आशिल्लें. हांवें तो गोळो घेतलो आसतो."

आणि तिने फोन ठेवला.

शाणूमामा, तुमच्यापुढे हात जोडायचीही माझी लायकी नाही. तरी जोडते.