मराठी विभागातली बत्तीस पानं

आई गेली त्या वर्षी मी एटापल्लीच्या कॉलेजात ग्रंथपाल होते. नव्वदचं दशक संपत आलं होतं. दिवाळीच्या आधी आई गेली आणि संक्रांतीनंतर मला कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या प्रशिक्षणाचं पत्र आलं. मधल्या काळात मी एकदाही रडले नव्हते. बायका माझ्याकडे बघत आणि आपसात म्हणत, "पोरगी दगड झाली."

आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. पहिलीतल्या माडिया आदिवासी मुलांना मराठी कळत नसे, म्हणून तिने गोंडी-मराठी शब्दांची एक पुस्तिका केली होती. बत्तीस पानं. येर म्हणजे पाणी, मरा म्हणजे झाड. तपासणीला आलेले साहेब तिच्यावर चिडले होते, "बाई, लेकरांना 'मरा' शिकवता?" आई म्हणाली होती, "साहेब, ते झाडच म्हणून राह्यले. तुम्हाले मराठीत ऐकू येते, त्याले मी काय करू?"

पुस्तिका तिने स्वतःच्या पगारातून चंद्रपुरात छापून घेतली. मुलांच्या हातातल्या प्रती फाटल्या, शाळेच्या कपाटातल्या उधईनं खाल्ल्या. आमच्या घरीसुद्धा एक उरली नाही. आई गेल्यावर छापखानेवाले चाचा भेटायला आले. म्हातारे झाले होते, बसने तेवढ्या लांब आले. चहा घेता घेता म्हणाले, "बेटी, एक कॉपी कलकत्त्याले असंल बघ. छापलेल्या हर किताबीची एक प्रत तिथी पाठवा लागते, कायदाच आहे. तुझी आई म्हणे, आपल्या एवढ्याशा पुस्तकाले कोण विचारते? मी म्हटलं, नाई बाई, कायदा सगळ्यांले एक. मीच पोस्टात टाकून आलो."

मी मान हलवली. पण पत्र आलं तेव्हा लगेच हो म्हणून कळवलं.

नागपूरहून हावड्याची गाडी धरली. राष्ट्रीय ग्रंथालय म्हणजे मोठ्या बागेतला पांढरा राजवाडाच होता. आम्ही वेगवेगळ्या राज्यांतले वीसेक ग्रंथपाल होतो. पहिल्या दिवशी तिथल्या एका अधिकारीबाईंनी आम्हाला सगळीकडे फिरवलं आणि हिंदीतून इतिहास सांगितला. ही इमारत इंग्रज गव्हर्नरांचा बंगला होती. आता लोक वाचत बसले होते त्या दालनात पूर्वी गोरे साहेब आणि मडमा नाचत. ग्रंथालयाची मुळं मात्र शहरातल्या लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या वाचनालयात होती. इंग्रज सरकारने ते आपल्या 'इम्पीरियल', म्हणजे साम्राज्याच्या, ग्रंथालयात मिसळून घेतलं. महायुद्धात बॉम्बच्या भीतीने पुस्तकं दुसरीकडे हलवली. स्वातंत्र्यानंतर नावातलं साम्राज्य गेलं, पुस्तकं सगळी या बंगल्यात आली आणि दार सगळ्यांसाठी उघडलं.

मी वहीत सगळं उतरवून घेत होते. बाकीच्यांच्या तोंडून 'वा, वा' निघत होतं. मला ते दूरच्या खोलीत लागलेल्या रेडिओसारखं ऐकू येत होतं.

तिसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी मराठी विभागात गेले. कार्डांच्या खणात आईचं नाव सापडलं. टंकलेखन यंत्रावर टाइप केलेलं, एक अक्षर चुकलेलं, पण तीच. चिठ्ठी भरून दिली. तासाभराने शिपाई रिकाम्या हाताने परत आला. "जागेवर नाही," टेबलामागचे गृहस्थ म्हणाले. ते मूळचे अकोल्याकडचे निघाले.

"बरं," मी म्हटलं आणि उठले.

"थांबा ना. पातळ पुस्तकं मागं सरकतात. लेखिका कोण तुमची?"

"आई."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आहे का आई?"

"नाही."

ते स्वतःच आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावून त्यांनी पुस्तिका माझ्यासमोर ठेवली. दोन जाड पुस्तकांच्या मधे चेपून बसली होती म्हणे. मुखपृष्ठ पिवळं पडलेलं, आत ग्रंथालयाचा शिक्का. कोणी उघडली असावी असं वाटत नव्हतं.

नवव्या पानावर घराच्या चित्राखाली 'रोग' असं छापलं होतं. त्यावर निळ्या शाईने काट मारून वर लिहिलं होतं, 'रोन', म्हणजे घर. आईचंच अक्षर. मला तेव्हा आठवलं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना चूक झाली होती आणि आई दोन दिवस तिथेच फरशीवर बसून एकेक प्रत दुरुस्त करत होती. जी प्रत कलकत्त्याला जायची होती, जी कोणी उघडणारही नव्हतं, तीसुद्धा तिने सोडली नव्हती.

मी त्या अक्षरावर बोट ठेवलं. आता काहीतरी होईल म्हणून वाट पाहिली. पंखा फिरत होता. काही झालं नाही. मग अर्ज करून सगळ्या पानांची झेरॉक्स मागितली आणि दुपारच्या व्याख्यानाला जाऊन बसले.

घरी पोचले तेव्हा बाबा ओसरीत होते. मी कागद त्यांच्या हातात दिले. चष्मा लावून त्यांनी एकेक पान उलटलं. नवव्या पानावर थांबले. झेरॉक्समध्ये शाईचा निळा रंग काळा झाला होता, तरी त्यांना कळलं.

"हे तिनं लिहिलं," ते म्हणाले.

"हो."

"कलकत्त्याले?"

"हो, बाबा."

त्यांनी कागद छातीशी धरले आणि हुंदके देऊन रडायला लागले. पंचावन्न-साठचा माणूस, मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. जवळ जाऊन बसावं हे मला कळत होतं. मी आत गेले आणि चहाचं आधण ठेवलं. पाणी उकळून अर्धं झालं तरी पत्ती टाकायचं सुचलं नाही.

आठवडाभरात चाचांनी त्या झेरॉक्सवरून पुन्हा पुस्तिका छापायला घेतली. मी प्राचार्यांना प्रशिक्षणाचा अहवाल दिला. इमारतीचा इतिहास, पुस्तकांची वर्गवारी, कार्डांची पद्धत, सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. पुस्तिकेबद्दल एक ओळही नव्हती. त्यांनी चाळला, म्हणाले, "छान. काही विशेष?"

"नाही सर," मी म्हटलं, आणि त्यांनी सही केली.