मावशीचं 'जरा'

माझी मावशी शर्टांना कॉलर लावते. बाजारातल्या एका टेलरमास्तरांच्या दुकानात, कितीतरी वर्षं. तिची कॉलर अशी बसते की बघत राहावं. पण बोलण्यात सगळं 'जरा'. तापाने फणफणली तरी जरा अंग गरम आहे, पाय मुरगळला तरी जरा लचकलाय. या जरापायी आधीच्या डॉक्टरांनी तिच्या दुखऱ्या बोटांसाठी नुसत्या ताकदीच्या गोळ्या दिल्या. मग रक्त तपासलं तेव्हा कळलं, आमवात. म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं.

"घरच्यांनीच भांडण काढलं म्हणायचं," मावशी म्हणाली.

आज मोठ्या डॉक्टरांकडे जायचं होतं. तिथेही नीट बोलली नाही तर परत त्याच गोळ्या, आणि बोटं एकदा वाकडी झाली की शिवणं संपलंच. म्हणून काल मी डॉक्टर झाले आणि तालीम घेतली.

"काय त्रास होतो?"

"जरा बोटं आखडतात."

"जरा म्हणजे किती?"

"जरा म्हणजे जरा! डॉक्टर आहेस का वकील?"

मी इतकी चिडले की रडूच आलं. मग मावशी म्हणाली, बरं बाई, नाही म्हणणार जरा.

आणि आज निघायच्या आधी बघते तर बाथरूममध्ये गरम पाण्याच्या बादलीत हात बुडवून बसलेली!

"असे सुजके हात कसे दाखवू गं त्यांना?"

"मावशी, आपण दुखणं दाखवायला चाललोय, मुलगी नाही!"

हसली, पण तोवर सूज उतरली होती. मला वाटलं, झालं, आता ही बोलणार नाही आणि काही दिसणारही नाही.

डॉक्टरांनी बोटं दाबून पाहिली. "सूज फारशी नाही. काम जमतं ना?"

मावशीने माझ्याकडे बघितलं. मी मुद्दाम खाली बघत बसले.

"नाही जमत," ती म्हणाली. "कॉलरी वाकड्या येतात. मास्तर जेवायला गेले की गुपचूप उसवते, परत शिवते. सकाळी कात्री धरवत नाही. आणि आज हात शेकून आणलेत, म्हणून बरे दिसतायत."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. काहीच!

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "मग उद्या सकाळी उठल्या उठल्या या. हातांना पाणी लावायचं नाही."

"तोंड तरी धुऊ ना?" मावशीने विचारलं.

"तेवढं धुवा," डॉक्टर म्हणाले. "दुसऱ्या कुणाच्या तरी हातांनी."