न विचारलेला नकार

"बाई, नोटिफिकेशन तुम्हीच बंद केलंय. आमच्याकडे तसं दिसतंय," आमचे मॅनेजर श्रीकांत सर पुन्हा तेच म्हणाले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

समोर जैनथकडच्या कमलबाई उभ्या होत्या. आदिलाबादच्या एका जिनिंग मिलसाठी आम्ही अ‍ॅप केलं होतं. कापूस आणायचा नंबर आला की फोनवर सूचना वाजते. दोनदा नंबर चुकला की नाव हंगामभर बाद. कमलबाईंचं नाव बाद झालं होतं आणि घरात कापसामुळे पाय ठेवायला जागा नव्हती.

"लोकायचे नंबर लागून राह्यले, मायाच काऊन नाही? मले त थे बटन कुठं हाय हेच ठाव नाही!"

"अ‍ॅप कोणी टाकलं?" मी विचारलं.

"मोबाईलवाल्यानं. माही बस लागली होती, त त्यानं भराभरा टाकून देल्लं."

झालं! इथले दुकानदार असेच. गिऱ्हाइकाला बसची घाई, म्हणून येईल तो प्रश्न स्किप. 'सूचना हव्यात का?' हासुद्धा.

मी त्यांचा फोन लॅपटॉपला जोडला. अ‍ॅप प्रत्येक सेटिंग फोनमध्ये एका नावाने साठवतं. त्या नावाला 'की' म्हणतात; प्रश्न स्किप केला, तर ती तयारच होत नाही. सेटिंग वाचण्याआधी ती 'की' आहे का, एवढं तपासायचं असतं. एका ओळीचं काम. कोडमध्ये ती ओळच नव्हती. 'की' सापडली नाही, तर कोड मुकाट्याने 'नाही' धरायचा. बाईंच्या तोंडी नकार आम्हीच घातला होता, आणि वर त्यांनाच खोटं पाडत होतो. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त संताप आला.

"सर, यांच्या फोनमध्ये ही की नाहीच. यांना कोणी विचारलंच नाही."

"अगं, टेस्टिंगमध्ये सगळं चाललं होतं."

"टेस्टिंगला आपण एसीत बसून प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देतो, सर!"

"बरं, पुढच्या अपडेटमध्ये घे."

"आणि यांचं नाव?"

"आपली चूक आहे असं मिलला सांगायचं?"

"मी सांगते." आणि सरांच्यादेखत मी मिलला फोन लावला.

कमलबाईंचं नाव परत लागलं. तामसीकडची अशी आणखी बरीच नावं निघाली. आता ती 'की' नसेल तर अ‍ॅप पुन्हा विचारतं, आणि उत्तर मिळेपर्यंत सूचना वाजवतं.

सरांनी रिपोर्टमध्ये लिहिलं, 'ग्राहकांनी पर्याय निवडला नाही.' मी ते खोडलं आणि लिहिलं, 'आम्ही तपासलं नाही.'