लुगड्याच्या पट्टीची हॉकी

मंडळी, मी बोलतेय आणि नात ऋतुजा टाइप करतेय. मला अक्षर येत नाही, पण हॉकी कळते.

आज सकाळी मॅचला निघताना तिच्या स्टिकची ग्रिप फाटली. घामाच्या हातातून स्टिक निसटणार, म्हणून पोरगी रडकुंडीला आली. मी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली, ओली केली आणि मुठीवर घट्ट गुंडाळली.

"आजी, हे कुठे शिकलीस?"

"तुझ्या आजोबांच्या स्टिकवर!"

सत्तर-ऐंशीच्या दशकात आमचे हे सातपूरच्या कारखान्यातून सुटले की थेट मुरमाच्या मैदानावर. पडले की गुडघे सोलायचे, तरी वाऱ्यासारखे पळायचे, आणि सकाळी पुन्हा पहिल्या पाळीला हजर. मॅचच्या आधी सगळी टीम माझ्या दारात उभी: "वहिनी, आमच्याही स्टिकला बांधा की!" असे खेळाडू पुन्हा होणे नाही, असं मी आज दुपारपर्यंत म्हणत होते.

दुपारी ऋतुजा हरून आली, गुडघा सोललेला, पण हसत. मागे अख्खी टीम, हातात स्टिका. "आजी, आमच्याही स्टिकला बांधा ना!"

मंडळी, कोणाकडे जुनी सुती लुगडी आहेत का? माझ्याकडे आता नेसलेलंच उरलंय.